कठड्यावरची गर्दी

शार्ल मेरियोंचं 1854 सालचं 'ला मॉर्ग' हे एचिंग समोर घ्या. पुस्तकातलं असो की फोनवरचं, चालेल. खांदे सैल सोडा. श्वास त्याच्या चालीने चालू दे.

नजर वरून खाली आणू. आधी पॅरिसची जुनी घरं: उंच, एकमेकांना खेटलेली, खिडक्याच खिडक्या, धुराडी. त्यातल्या एकाच खिडकीवर थांबा. तिथला काळोख नुसत्या रेघांचा आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप, त्यावर सुईने ओढलेली रेघ, मग आम्ल. लेप खरवडला असेल तिथेच आम्ल तांबं खातं. जितका वेळ खाऊ द्यावं तितकी रेघ खोल जाते, शाई जास्त धरते. मेरियोंला रंग नीट ओळखू येत नसत. नौदल सोडून चित्रकार व्हायला निघालेला हा माणूस म्हणून काळ्या रेघेकडे वळला. तो काळा डोळ्यांत मुरू द्या.

आता खालची बुटकी इमारत. हे शवागार. सीन नदीत सापडलेली बेवारस प्रेतं ओळख पटावी म्हणून इथे मांडून ठेवत. बघायला कुणालाही मुभा होती, आणि लोक फिरायला निघाल्यासारखे यायचेही.

कठड्याशी दाटी दिसेल. सगळे वाकून बघताहेत. कशाकडे, ते लगेच शोधू नका. आधी ती डोकी पाहा. दोन-चार ओरखड्यांची माणसं, पण त्यांचं कुतूहल स्पष्ट कळतं.

मग त्यांच्या नजरेबरोबर काठावर उतरा. प्रेत उचलून नेताहेत. शिपाई हात करून वाट दाखवतोय. एक बाई आक्रोश करतेय. एवढं सगळं इवल्याशा जागेत. घाईने पाहणाऱ्याच्या ते नजरेतून निसटतं, आणि मला वाटतं, मेरियोंला तसंच हवं असावं.

त्या बाईपाशी जास्त थांबा. मन पुन्हा कठड्याकडे पळेल. तिथे सोयीचं आहे: सगळं दिसतं, कशाला हात लावावा लागत नाही. पळालं तर रागावू नका, परत आणा. आपणही वरूनच वाकून पाहतोय असं जाणवलं, तर जाणवू द्या. त्याचा निकाल आजच लावायला हवा असं नाही.

1864 साली शवागार इथून नोत्र दामच्या मागे हललं. चित्रात मात्र अजून पाण्यात कपडे धुण्याच्या नौका बांधलेल्या आहेत. धुणाऱ्या बायकांपैकी कुणी काठाकडे मान वळवली आहे का, ते सावकाश शोधा.