पिवळ्या विटांची वाट



कार्तिक वद्यात ज्ञानोबारायांच्या समाधी सोहळ्यासाठी आपल्या कर्जत-खालापूरकडच्या दिंड्या आळंदीला निघतात. खोपोली सुटली की घाट लागतो. द्रुतगती मार्गावर पायी चालायला मनाई, म्हणून आपण जुन्या रस्त्याने, शिंग्रोबाच्या देवळावरून चढतो. मोटारी मात्र बघता बघता लोणावळ्याला पोचतात. मग एखादा नातू विचारतोच, "आजोबा, गाडीने गेलं तर माउली भेटत नाहीत का?"

प्रश्न खरा आहे. उत्तर शोधताना मला मुलांच्या एका गोष्टीतली वाट आठवते. फ्रँक बॉम या अमेरिकन लेखकाने ती १९०० साली लिहिली. वादळाने घरापासून दूर नेलेली डोरोथी पिवळ्या विटांच्या रस्त्याने एका जादूगाराकडे निघते. वाटेत तिघे सोबती मिळतात. बुजगावण्याला बुद्धी हवी, पत्र्याच्या माणसाला काळीज, भित्र्या सिंहाला धैर्य.

आता गंमत पाहा. वाटेत दरी आडवी येते, तेव्हा युक्ती बुजगावणंच सांगतं आणि एकेकाला पाठीवर घेऊन उडी मारतो तो भित्रा सिंह! पायाखाली किडा मेला म्हणून रडतो कोण, तर बिनकाळजाचा पत्र्याचा माणूस. शेवटी जादूगार निघतो पडद्यामागचा एक साधा म्हातारा. मागायला निघालेलं वाटेतच उगवलं होतं, कारण सोबती अडला होता.

इथे आपली वाट वेगळी होते. आपला विठोबा पडद्यामागे लपलेला नाही. तो उघडा, विटेवर उभा आहे. त्याच्या ओढीनेच अनोळखी माणसं एका वाटेवर येतात. शांती मागायला निघालेला मुक्कामी दुसऱ्याचे पाय चेपतो आणि त्याचं मन निवतं. गाडीत बंद काचेआड कोण अडलंय ते दिसत नाही.

गुडघे थकले असतील तर खुशाल गाडीने जावं, त्यात उणेपणा नाही. वाटेत कुणाला हात दिला, एवढंच देव पाहील.

पण माउली, डोरोथीला शेवटी घरीच जायचं होतं. आपल्यालाही परतायचंच असतं. दिंडीत परक्याला 'माउली' म्हणून वाकणारे आपण घरात सुनेशी, शेतावर मजुराशी कसं बोलतो? तिथे ती हाक विसरलो, तर घाट चढलो खरा, वारी मात्र राहून गेली.

रामकृष्णहरी!