सापेक्षतेत काय अढळ आहे?

चांगले-वाईट यांवर चर्चा रंगली की कोणीतरी हमखास म्हणतो, ‘सगळेच सापेक्ष आहे, आईन्स्टाईनने ते सिद्धच केले आहे.’ या वाक्यापुढे आम्हीही अनेकदा निरुत्तर झालो आहोत. परंतु ते खरे आहे काय? शाळेतील पायथागोरसाच्या प्रमेयावर भागेल अशी मांडणी आपणच करून पाहू.

धावत्या डब्याच्या तळाशी दिवा आणि छताला आरसा आहे, अशी कल्पना करावी. गाडीचा वेग प्रकाशाच्या तीन पंचमांश. (अशी गाडी कोणत्याच रेल्वेकडे नाही, हे मान्य!) किरण दिव्यापासून आरशापर्यंत सरळ वर गेला, असे प्रवाशाला दिसते, समजा, त्यास ४ क्षण लागले. फलाटावरील माणसाला मात्र आरसा तेवढ्यात पुढे सरकलेला दिसतो, म्हणून किरणाची वाट तिरपी आणि लांब. प्रकाशाचा वेग दोघांनाही एकच, हे आईन्स्टाईनने १९०५ साली गृहीत धरले. वाट लांब, वेग तोच. तेव्हा वेळ अधिक लागणारच. काटकोन त्रिकोणाची उंची ४, पाया ३, म्हणून कर्ण ५. प्रवाशाचे ४ क्षण ते फलाटावरचे ५. कोणत्याही वेगासाठी रीत हीच: वेगाला प्रकाशाच्या वेगाने भागावे, त्याचा वर्ग १ मधून वजा करून वर्गमूळ काढावे आणि प्रवाशाच्या वेळेला त्याने भागावे.

वेळ सापेक्ष ठरली खरी. पण पुढे पाहा. फलाटावरून मोजता प्रवाशाचे घड्याळ ५ क्षणांत ३ मापे सरकले: २५ वजा ९. प्रवाशाच्या लेखी ४ क्षण गेले, घड्याळ जागचे हललेच नाही: १६ वजा शून्य. उत्तर दोघांचेही १६! मिंकोव्स्की या गणितज्ञाने १९०८ साली यावरच भर दिला. म्हणजे या सिद्धांताचा आरंभ अढळापासून होतो आणि शेवटी हातीही अढळच लागते.

मग नीतिनियमही अढळ ठरले, असे आनंदाने म्हणावे काय? तो मोह आम्हांलाही झाला. पण तो अप्रामाणिकपणा ठरेल. मजुराला पुरती मजुरी द्यावी की नाही, याविषयी हे त्रिकोण काहीच बोलत नाहीत. बेल्जियमचे धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांनी आईन्स्टाईनच्याच समीकरणांवरून १९२७ साली विश्व प्रसरण पावते असे दाखविले. १९५८ साली शास्त्रज्ञांच्या परिषदेत त्यांनी स्पष्ट सांगितले की, आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या सर्वस्वी बाहेरचा आहे आणि देव नाकारणाऱ्यालाही तो मोकळे ठेवतो.