निद्रेचा साक्षीदार

निजलेला मनुष्य स्वतःविषयीं साक्ष देऊं शकतो काय? प्रश्न तत्त्ववेत्त्यांचा दिसतो. परंतु आमच्यापुढें तो नाकावर चढवावयाच्या एका मुखवट्याच्या रूपानें उभा राहिला आहे.

डॉक्टर ज्यास 'स्लीप ॲप्निया' म्हणतात तो विकार आम्हांस आहे. झोंपेंत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागें सरते आणि श्वासाची वाट पूर्णपणें किंवा अर्धवट मिटते. असा रोध १० सेकंद टिकला म्हणजे तो मोजण्यांत धरितात. ताशीं ५ च्या आंत ते क्षम्य, ३० वर गेले कीं विकार तीव्र. तीन वर्षांपूर्वीं आमचे ४१ भरले होते. रक्तांतील प्राणवायु घटतो, मेंदू दचकून निजलेल्यास क्षणभर जागें करितो. आणि सकाळीं त्याला यांतलें कांहींहि आठवत नाहीं!

१९८१ सालीं सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनीं नाकावाटें दाबाची हवा सोडून ही वाट उघडी ठेवण्याची युक्ति प्रसिद्ध केली. आमचें यंत्र त्याच वंशांतलें. तें टेकूचें काम करितें. भिंत दुरुस्त करीत नाहीं.

गेल्या वर्षांत आमचें वजन ११ किलोंनीं उतरलें व दुपारची पेंगहि गेली. वजन उतरल्यानें रोध कमी होतात, कित्येकांचे जवळजवळ नाहींसे होतात; म्हणूनच डिसेंबर २०२४ मध्यें अमेरिकेच्या औषधनियंत्रकांनीं टिर्झेपटाइड हें वजन घटविणारें औषध स्थूल रोग्यांच्या याच विकारावर मंजूर केलें. तेव्हां यंत्राची गरज उरली आहे काय, असें विचारणें गैर नव्हे. पण पेंग गेली ती वजनामुळें, कीं यंत्रामुळें? २०१२-१३ च्या दुष्काळांत आमच्या जालना जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा टँकरच्या पाण्यावर जगविल्या गेल्या. तशी एखादी हिरवी बाग पाहून विहिरीला पाणी आलें असें कोणी म्हणावें, त्यांतलाच आमचा युक्तिवाद होता.

वैशाखांत घनसावंगी तालुक्यांत एका लग्नास गेलों. रात्रीं वीज गेली, मंडळी गच्चीवर निजली, यंत्र पेटींतच राहिलें. अशी गाढ झोंप लागली कीं उठतांच यंत्र सोडण्याचा आमचा निश्चय ठरला. तो पत्नीस सांगावा, तों तिचेच डोळे तारवटलेले. ती म्हणाली, "अहो, तुम्ही झोंपलांत. मी मात्र तुमचा पुढला श्वास येतो कीं नाहीं, हें पाहत बसलें होतें."

त्याच तालुक्यांतलें जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव. दासबोधाच्या अठराव्या दशकांत निद्रेवर एक अख्खा समास आहे. निजलेल्या माणसांच्या नाना तऱ्हा त्यांत टिपल्या आहेत. पूर्वीं तो वाचून आम्ही हंसलों होतों. त्यांतल्या एकाहि निजलेल्यास आपली तऱ्हा ठाऊक नाहीं, हें तेव्हां ध्यानांत आलें नव्हतें. छांदोग्य उपनिषदांत प्रजापति इंद्रास सांगतो कीं गाढ निद्रेंतला तोच आत्मा. इंद्र अर्ध्या वाटेवरून परत येतो, कारण त्या स्थितींत 'हा मी' एवढेंहि स्वतःस कळत नाहीं. देवांच्या राजाचें ज्यानें समाधान झालें नाहीं, त्यावर आम्ही एका सकाळच्या हुशारीनें समाधान मानणार होतों!

देह आमचा, निर्णयहि आमचा, हें खरें. परंतु निर्णयाचा अधिकार ज्याचा, त्याच्यापाशीं पुरावा असतोच असें नाहीं. इतर दुखण्यांत कोठें दुखतें हें रोगीच सांगतो. येथें त्याची साक्ष सर्वांत हलकी. शिवाय देह आमचा असला तरी रस्ता सर्वांचा. जालन्यावरून जाणाऱ्या समृद्धि महामार्गावर मोटारीस ताशीं १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगानें ३ सेकंदांच्या डुलकींत ती १०० मीटर जाते, आणि चालवणारा कोणी नसतो.

म्हणून मुखवटा जन्मभर सोसावा असेंहि आमचें म्हणणें नाहीं. गरज नसतां तो लावणें ही कांहीं तपश्चर्या नव्हे. वारा सुटतो, नाक कोरडें पडतें, आणि नातवंडें हत्ती म्हणतात तें निराळेंच. पुढील महिन्यांत डॉक्टरांच्या देखरेखीखालीं यंत्राविना झोंपेची पुन्हां तपासणी ठरली आहे. आंकडे तारा सांगतील. पत्नीची साक्षहि आम्ही लिहून नेणार आहों. तोंवर मुखवटा रात्रीं नाकावर आहे, आणि महामार्गावर मोटार मुलगा चालवितो. आम्ही शेजारीं बसतों, जागे.