निरुपयोगी संख्येचें मोल

यवतमाळ जिल्ह्यांतील कापसाच्या बाजारांत संख्येला मान आहे, तो तिच्यामागें क्विंटल किंवा रुपया उभा असतो म्हणून. नुसत्या संख्येला तेथें कोणी विचारीत नाहीं. यांत कोणाचें चुकतें असें आमचें म्हणणें नाहीं. पोटाचा हिशेब आधीं, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु एखाद्या माणसानें आपलें आयुष्य नुसत्या संख्यांच्या पायीं वेंचिलें, तर तें सार्थकीं लागलें म्हणावें कीं वायां गेलें?

असे एक गृहस्थ महाराष्ट्रांत होऊन गेले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळामास्तर होते. त्यांच्या आवडत्या संख्यांपैकीं एक जात ‘डेमलो’ संख्यांची. त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवरील ज्या स्थानकांत ही कल्पना सुचली, त्याचेंच नांव त्यांनीं तिला दिलें. नऊ एकें ओळीनें मांडून होणारी १११११११११ ही संख्या तिनेंच गुणावी, म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१ असें उत्तर येतें. नवापर्यंत पायऱ्या चढाव्या व तशाच उतराव्या, अशी ही सतरा अंकी संख्या उलट वाचली तरी तीच राहते.

इंग्रज गणिती हार्डी यांना असल्या गोष्टींचें कौतुक नव्हतें. आपल्या १९४० च्या पुस्तकांत त्यांनीं ८७१२ व ९८०१ या संख्यांचें उदाहरण घेतलें आहे. उलट्या लिहून होणाऱ्या संख्येची पहिली चौपट आहे, दुसरी नऊपट. हें कोड्यांच्या सदरास ठीक, गणित्यास यांत ओढ वाटावी असें कांहीं नाहीं, असा त्यांचा अभिप्राय. आक्षेप वजनदार आहे. आपण दहांच्या पटींत लिहितों म्हणून हा थाट. मनुष्यास बारा बोटें असतीं तर ८७१२ चें नवल उरलें असतें काय?

डेमलो संख्येपुरता मात्र हा आक्षेप आम्हांस लंगडा वाटतो. एकांच्या ओळी गुणाकारांत एकेक घर सरकवून एकाखालीं एक मांडल्या कीं मधल्या रकान्यांत अधिक एकें पडतात, कडेच्या रकान्यांत कमी. जिना उभा राहतो तो एवढ्यानेंच. बारांच्या पटींत लिहिणारे लोक असते तर त्यांनाहि तो दिसला असता, आणि नवावर न थांबतां अकरापर्यंत चढला असता! आमच्या पद्धतींत दहा एकें घेतांच हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असें मधेंच मोडतें. तेव्हां जिना कोठें मोडावा एवढेंच आपल्या बोटांवर अवलंबून. तो कां उभा राहतो, हें कोणाच्याहि बोटांवर नाहीं.

उपयोग तरीहि शून्यच, हें खरें. कापरेकरांनीं तो दाखविण्याचा आटापिटा केला नाहीं, हें आम्हांस फार आवडतें. आपल्या अंकांच्या बेरजेनें जी निःशेष भागली जाते, तिला त्यांनीं ‘हर्षद’ म्हटलें. हर्ष देणारी, एवढाच तिचा दाखला. आपली सतरा अंकी संख्याहि हर्षदच आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१. नऊ एकांच्या ओळीस ९ नें भाग जातो, म्हणून तिच्या वर्गास ८१ नें जाणारच. पाटी घेऊन भागून पाहावें: १५२४१५७८९९७१०४१, बाकी कांहीं नाहीं.