कळसूची अट

राजुरावरून भंडारदऱ्याकडे आणि पाचनईकडे फुटणाऱ्या वाटांनी अलीकडे जी माणसे डोंगरात शिरतात, त्यांत देवदर्शनाची आस धरलेली थोडी आणि देह दमवून मन मोकळे करू पाहणारी पुष्कळ असतात. कोणी बारीहून लोखंडी शिड्या चढून कळसूबाईचे 1646 मीटर उंचीचे शिखर गाठतो, कोणी साम्रदच्या सांदण दरीत उतरतो, कोणी मृगाच्या तोंडावर काजव्यांनी उजळलेली झाडे पाहत रात्र जागवतो, तर कोणी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या धारेवर पालथा पडून खालचा मुलूख न्याहाळतो. या संचाराला यात्रा म्हणावे, की पर्वताच्या आश्रयाने केलेली निव्वळ चैन, असा प्रश्न श्रद्धावंताला पडल्यास नवल नाही.

केवळ देहकष्टांवरून याचा निवाडा होत नाही. ज्या हरिश्चंद्रगडावर चांगदेवाने शके 1234 मध्ये ‘तत्त्वसार’ रचले, तेथेच केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या थंडगार पाण्यातून पिंडीला प्रदक्षिणा घालावी लागते. म्हणजे शरीराची परीक्षा उपासनेलाही वर्ज्य नाही. हेतूवरून निर्णय करावा, तर पंचाईत अधिकच वाढते. कारण नवस फेडण्यासाठी चढणारा भक्त फलाची अपेक्षा बाळगतो आणि काहीही न मागता चढणारा भटक्या, निष्कामतेच्या कसोटीवर, कदाचित त्याच्या पुढेच जातो.

उत्तर मला या मुलखातील एका लोककथेत सापडते. रानात हिंडण्याची आवड असलेली कळसू नावाची कोळ्याची मुलगी डोंगराच्या पायथ्याशी एका घरी चाकरीस राहिली, ती भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, एवढ्या कबुलायतीवर. एके दिवशी घरच्यांनी तीच कामे तिला फर्मावली; तिने ती निमूटपणे उरकली आणि लगेच डोंगर चढून गेली, ती आमरण शिखरावरच राहिली. नवरात्रात जिच्यापुढे जत्रा भरते, ती देवी अशी मूळची भटकी आहे. तेव्हा भटकण्यालाच तिचा विरोध असेल, असे मानता येत नाही. तिची तक्रार मोडलेल्या शब्दाविषयी आणि आपले उष्टे-खरकटे दुसऱ्याच्या माथी मारणाऱ्या वृत्तीविषयी आहे.

आज शिखराच्या वाटेवर, तंबूंच्या आसपास आणि भंडारदऱ्याच्या धरणाकाठी आपण नेमकी तीच दोन कामे मागे ठेवून येतो: खरकटी पात्रे आणि केर. ती उरकतात आपल्याला पिठले-भाकरी रांधून वाढणाऱ्या महादेव कोळी आणि ठाकर घरांतील बायामुले. शतपथ ब्राह्मणाने देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यऋणही सांगितले आहे. यजमान ते आतिथ्याने फेडतो. पाहुण्याने ते कशाने फेडावे, हा प्रश्न मात्र त्याच्या स्वतःच्या विवेकावर सोपविलेला असतो.

म्हणून यात्रेकरू आणि प्रवासी हा भेद मला गौण वाटतो. नारळाची वेष्टने मंदिराभोवती टाकणारा भक्त आणि बाटल्या दरीत भिरकावणारा हौशी हे दोघेही कळसूची अट सारखीच मोडतात. उलट ज्याने आपला केर आपल्याच पाठीवरून खाली आणला, वाटाड्याची मजुरी घासाघीस न करता चुकती केली आणि ज्याच्या अंगणात विसावला त्याच्या घरात नवे काम निर्माण केले नाही, त्याने शिखरावर हात जोडले नसले, तरी त्याच्या चढण्याला यात्रा म्हणण्यास माझी हरकत नाही.