मागील बाकी

दिवाळी आठ दिवसांवर आली, की घरोघरी जाळी-जळमटे निघतात, भिंतींना सफेदी लागते आणि माळ्यावरच्या वस्तूंना वर्षातून एकदा उजेड दिसतो. आमच्या चिखलीतही हा रिवाज आहे. यंदाच्या आवराआवरीत निघाला तो माझा जुना लॅपटॉप. २०१४ साली, शाळेतून निवृत्त झालो त्या वर्षी, मोठ्या हौसेने घेतलेला. आता मुलाने नवा धाडला. तेव्हा हा कुणाला द्यावा, असा प्रश्न आला. उत्तर घरातच होते. माझ्या धाकट्या भावाची नात यंदा संगणकाच्या पदविकेला लागली आहे. लहानपणापासून ती गणिते घेऊन माझ्याकडे येते. आम्हां दोघा भावांचे बोलणे नऊ वर्षे बंद होते. पण पोरांच्या येण्याजाण्याला दोघांपैकी कुणीच कधी कडी घातली नाही, एवढे शहाणपण आमच्यात शिल्लक होते.

देण्यापूर्वी यंत्र ‘फॅक्टरी रिसेट’ करावे, असे बसस्थानकाजवळच्या दुकानातल्या मुलाने सुचवले. म्हणजे काय, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, कारखान्यातून निघाला तेव्हा जसा होता तसा करायचा. तुमचं काहीच राहत नाही.” हे वाक्य वाटभर माझ्या डोक्यात घोळत राहिले. सत्तरीला टेकलेल्या माणसाला अशी सोय कुणी दाखवली, तर लॅपटॉप बाजूला ठेवून तो आधी स्वतःच रांगेत उभा राहील!

ही सोय २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून साध्या माणसाच्या हाताशी आली. यंत्र प्रथम विचारते : तुमच्या फायली राखायच्या, की सारेच काढून टाकायचे? यंत्र परक्या हाती जाणार असेल, तर दुसरा मार्ग धरावा. त्यातही एक पोटप्रश्न आहे : नुसते काढायचे, की पुसूनही टाकायचे? हा भेद मला नवा होता. नुसते काढणे म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडण्यासारखे आहे. पाने जागच्या जागीच असतात. त्यांवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत शोधणाऱ्याला ती सापडू शकतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी बाजारातून १५८ जुन्या डिस्का विकत घेऊन तपासल्या आणि २००३ साली त्याची हकीकत छापली. चालू निघाल्या त्या १२९. त्यांतल्या अवघ्या १२ नीट पुसलेल्या होत्या. उरलेल्यांत कुणाचे बँकेचे व्यवहार, कुणाची आजारपणे तशीच पडलेली. मालकांना मात्र वाटत होते, की आपण मोकळे झालो.

मी अर्थातच पूर्ण पुसण्याचा मार्ग धरला. पण त्याआधी नातवंडांची छायाचित्रे वेगळी काढून घ्यावीत, म्हणून एकेक कप्पा उघडू लागलो, आणि २०१६ सालचा एक कागद समोर आला. शेताच्या वाटणीच्या भांडणात वकिलाला देण्यासाठी मी स्वतः टंकलेले ते निवेदन होते. त्यात एक वाक्य आहे : ‘वडिलांच्या शेवटच्या आजारपणात धाकट्याने एक पैसाही खर्च केला नाही.’

वाचकहो, ते वाक्य खोटे आहे. लिहिताना मला ते ठाऊक होते. वडिलांना औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला न्यायचे ठरले, तेव्हा धाकट्याने ऐन पेरणीच्या तोंडावर बैलजोडी विकली होती. दावा पुढे तडजोडीने मिटला. त्याबरोबर आमची तोंडेही मिटली, ती मिटलीच.

आता माझी पंचाईत पाहा. हा लॅपटॉप जायचा त्याच्याच नातीच्या हाती. तिने हा कागद वाचला तर? माझे बोट पुसण्याच्या कळीकडे जरा जास्तच लगबगीने निघाले, आणि त्या लगबगीनेच मला थांबवले. मी हे कुणासाठी पुसतो आहे? तिच्यासाठी, की माझ्यासाठी?

पुसण्याचा हक्क माणसाला असतो, हे मला मान्य आहे. आता तर कायद्यानेही ते मानले आहे. आपल्या देशाच्या २०२३ सालच्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या कायद्यात, दुसऱ्यापाशी असलेली आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क लिहिलेला आहे. अठराव्या वर्षीच्या एखाद्या चुकीने माणसाच्या मागे पन्नाशीपर्यंत धावू नये, हे न्यायाचेच आहे. पण तो कायदाही म्हणतो, की दुसऱ्या कायद्यासाठी जी नोंद ठेवणे भाग आहे, ती पुसता यायची नाही. म्हणजे हक्क आहे तो माहिती पुसण्याचा. देणे पुसण्याचा नव्हे. आणि मला पुसायचे होते ते देणेच.

शिवाय ‘मूळ स्थिती’ म्हणजे तरी काय? कारखान्यातून आलेले यंत्रही कोरे नसतेच. निर्मात्याने भरून दिलेले चार नको असलेले प्रोग्राम रिसेटनंतर पुन्हा डोके वर काढतात. बॅटरी जुनी ती जुनीच राहते, आणि अंगठ्याने गुळगुळीत झालेली पट्टी पुन्हा खरखरीत होत नाही. माणूसही असाच आडनाव, जात, वडिलांचे कर्ज आणि वडिलांची कीर्ती घेऊन जन्माला येतो. आमच्याच जिल्ह्यातले लोणार पाहा. कोणे एके काळी आकाशातून अशनी कोसळला आणि काळ्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. धरणीने तो बुजवून पूर्ववत केला नाही. त्यात पाणी साठले, काठाने झाडी वाढली, देवळे उभी राहिली. घाव पुसला गेला नाही. त्याच्याभोवती दुसरे काही उभे राहिले.

मला आमच्या पेठेतले व्यापारी आठवले. लक्ष्मीपूजनाला नवी वही येते, हळदकुंकू लागते, पहिल्या पानावर ‘श्री’ निघतो. पान कसे कोरे, करकरीत! पण जुन्या वहीतली येणी-देणी त्या कोरेपणात बुडत नाहीत; ‘मागील बाकी’ म्हणून ती नव्या वहीत ओढली जातात. बाकी न ओढता जो नवी वही उघडतो, त्याला पेठेत नवा माणूस म्हणत नाहीत, बुडवा म्हणतात.

मग मला माझ्यापुरते उत्तर मिळाले. कोरी पाटी मिळण्याचा हक्क मागून येणाऱ्याचा आहे. त्या पोरीच्या हाती आमच्या बांधाचे भांडण जाता कामा नये. पण बाकी ओढण्याचे काम ज्याने देणे केले त्याचे आहे. यंत्र विसरते, पण क्षमा करू शकत नाही. क्षमा माणसालाच करावी लागते, आणि ती मागावीही लागते. ज्याला चूक आठवतच नाही, तो मागणार तरी काय?

मी तो कागद नव्या यंत्रात घेतला, दुकानातून त्याची एक प्रत छापून आणली आणि मग जुना लॅपटॉप पुसायला लावला. टक्क्यांचा आकडा रात्रभर मुंगीच्या पावलाने सरकत होता. सकाळी तो माझे नावही विसरला होता.

पाडव्याच्या दिवशी एका हातात लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात कागद घेऊन मी धाकट्याच्या अंगणात गेलो. ते वाक्य त्याला दाखवले आणि म्हणालो, “हे मी खोटं लिहिलं होतं. बैलजोडीचं मला माहीत होतं.” त्याने कागदाकडे पाहिलेही नाही. “म्या तवाच वाचलं होतं, भाऊ,” तो म्हणाला, “पाठ हाये मले.”

नऊ वर्षे जे मी पुसले तरी पुसले जाणार नव्हते, ते असे त्याच्यापाशी होते. मला आणखी काही बोलता येईना. थोड्या वेळाने त्यानेच आत हाक मारून चहा टाकायला सांगितले, दोघांचा.

तेवढ्यात पोरगी बाहेर आली. लॅपटॉप उघडून तिने विचारले, “मोठे आजोबा, नवा आहे?”

“नाही गं,” मी म्हणालो, “जुनाच आहे. बॅटरी तासभरच चालते. पण आतलं सगळं तुझं.”