प्रभू येणार, मग शेजारच्या मैत्रिणीचं काय?

अंबरनाथच्या मोरिवलीत कितीतरी घरांत आई-वडील दोघेही कामावर असतात. कोणी एमआयडीसीत पाळीवर, कोणी लोकल गाठून थेट मुंबईला. मूल शाळेतून परततं तेव्हा दाराला कुलूप असतं, आणि त्यात त्याला काही वाटतही नाही. पण तेच मूल रविवारच्या शाळेत ऐकून आलेलं असेल, की प्रभू अचानक येईल, विश्वासणारे क्षणात ढगांत उचलले जातील आणि बाकीचे मागे राहतील, तर ते कुलूप त्याला वेगळंच काही सांगू लागतं. मम्मी-पप्पा गेले, आपण राहिलो!

ही भीती काल्पनिक नाही. १९७२ साली अमेरिकेत ‘अ थीफ इन द नाइट’ नावाचा चित्रपट आला. त्यातली तरुणी जागी होते, तर नवरा नाहीसा झालेला आणि त्याचं विजेचं दाढीचं यंत्र बेसिनमध्ये तसंच घरघरत पडलेलं. चर्चच्या सभागृहांतून हा चित्रपट मुलांना वर्षानुवर्षं दाखवला गेला. रिकाम्या घरात शिरताना आपला जीव कसा उडायचा, हे त्यांतल्या अनेकांनी मोठेपणी लिहून ठेवलं आहे. १९९८पासून याच कल्पनेवर खास मुलांसाठी कादंबऱ्यांची मालिकाही निघाली.

ख्रिस्त पुन्हा येईल आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करील, ही ख्रिस्ती धर्माची मूळ श्रद्धा. चौथ्या शतकातल्या निकायाच्या मतांगीकारात ती आहे आणि कॅथलिक मंडळी दर रविवारी मिस्सात ती उच्चारतात. पण विश्वासणारे आधी गुपचूप उचलले जातील, मग सात वर्षांचं महासंकट, मग खरं आगमन, हे वेळापत्रक बरंच अलीकडचं. १८३०च्या सुमारास जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने त्याचा प्रसार सुरू केला. १९०९च्या स्कोफिल्ड बायबलमधल्या टिपांनी ते जगभर नेलं. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्च ते मानत नाहीत. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्याही नाहीत. पाच-सहा वर्षांच्या मुलापुढे मात्र ते दोन हजार वर्षांचं एकमुखी सत्य म्हणून ठेवलं जातं, हे बरोबर नाही.

ढगांचा तो उल्लेख पौलाच्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. ते पत्र कोणाला होतं? आपली माणसं गेली, आता प्रभू येईल तेव्हा त्यांचं काय होणार, या काळजीने खचलेल्या लोकांना. गेलेले मागे राहणार नाहीत, असं पौल त्यांना सांगतो आणि या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा म्हणतो. प्रकटीकरणाचं पुस्तकही तसंच. पात्म बेटावर असलेल्या योहानाने ते आशिया मायनरमधल्या, छळ सोसणाऱ्या सात मंडळ्यांना पाठवलं. त्यातली श्वापदं आणि कर्णे सगळ्यांना पाठ असतात. पण पुस्तकाचा शेवट होतो तो डोळ्यांतले अश्रू पुसणाऱ्या देवापाशी आणि वेशी कधीच बंद न होणाऱ्या नगरीपाशी. मुलांना सांगायचं ते हे.

शिवाय वयाचा प्रश्न आहे. मारिया नॉज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्टच्या मुलांशी बोलून १९४८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाच वर्षांखालच्या मुलांना मरण म्हणजे झोप किंवा प्रवास वाटतो. पुढे काही वर्षं मरण हा कोणी माणूसच वाटतो, जो धरून नेतो. सगळं कायमचं संपतं हे नऊ-दहाच्या आसपास उमगू लागतं. अशा मनाला ‘चोरासारखा येईल’ हा दृष्टान्त सांगितला, तर त्याला चोरच दिसणार.

आणि उल्हास नदीकाठच्या मुलांना संकटं पुस्तकात शोधावी लागत नाहीत. २६ जुलै २००५चा पूर त्यांच्या आई-वडिलांनी पाहिला. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. दर वेळी ‘ही शेवटाची चिन्हं’ म्हणणारं कोणीतरी भेटतंच. विल्यम मिलरच्या अनुयायांनी प्रभूच्या येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, हॅरल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११. आपल्याकडे १९६२च्या अष्टग्रहीची आणि १९७९ला स्कायलॅब कोसळण्याची भीती आठवणारे आजी-आजोबा अजून आहेत. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, असं खुद्द येशू म्हणाल्याचं मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. मुलाला हे वाक्य जरूर शिकवावं.

सगळ्यांत अवघड प्रश्न मात्र मूल नंतर विचारतं. मोरिवलीत त्याच्या बाकावर बसणारी मैत्रीण ख्रिस्ती नसण्याचीच शक्यता जास्त. ती गणपतीचा मोदक देते, हे तिला नाताळचा केक देतं. मग प्रभू आला की तिचं काय? इथे पुष्कळ शिक्षक गडबडतात किंवा नको ते ठामपणे सांगून बसतात. आपल्याच मैत्रिणीला आगीत पाहायला मुलाला शिकवणं ही क्रूरता आहे, मग हेतू कितीही धार्मिक असो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली म्हटलं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त ठाऊक झाला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. सगळे पंथ हे मानत नाहीत, आणि मोठ्यांनी यावर खुशाल वाद घालावा. पण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला न्यायाचा प्रसंग सगळ्यांच्याच बायबलमध्ये आहे. राजा तिथे विचारतो ते एवढंच: भुकेल्याला खाऊ घातलंस का, परक्याला घरात घेतलंस का, आजाऱ्याला भेटलास का. सहा वर्षांच्या मुलालाही हे कळतं.

वाट पाहणं आनंदाचं असू शकतं, हे हँबर्गच्या योहान विखेर्न या पाळकांनी १८३९ साली दाखवलं. त्यांच्या आश्रमातली गरीब मुलं रोज विचारायची, नाताळ आला का? त्यांनी एका चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारसाठी मोठ्या, इतर दिवसांसाठी लहान. रोज एक जास्त पेटायची. नाताळाआधीच्या आगमनकाळाचं आजचं पुष्पचक्र तिथून आलं.

दिवाळी सरली की काही आठवड्यांत आगमनकाळ सुरू होईल आणि पहिल्याच रविवारी शेवटाच्या दिवसाचं वाचन होईल. पाळकांना, सिस्टरांना, रविवारच्या शाळेतल्या ताई-दादांना विनंती आहे: दहा वर्षांखालच्या वर्गात श्वापदाचा तक्ता भिंतीवर लावू नका, खोड्या थांबवायला ‘तू मागे राहशील’ हे हत्यार वापरू नका, आणि मुलाने त्या मैत्रिणीचं नाव प्रार्थनेत घेतलं तर त्याला थांबवू नका.